दोन पानं आणि एक फूल

निवडणूक जवळ आली की आमच्या ऑफिसात जेवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘लोकांना धोरण कळत नाही, घोषणा कळते.’ म्हणणारे सगळे शिकलेले. त्यांच्यापैकी कुणी एखादा जाहीरनामा शेवटच्या पानापर्यंत वाचलाय, असं मला तरी आढळलेलं नाही.

यात नवल नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1957 मध्येच हे मांडलं होतं. लाखो मतांत माझं मत एक. त्यासाठी अर्थसंकल्प, कायदे, आकडे वाचत रात्री घालवणं सामान्य माणसाला परवडत नाही. मग तो एखादी खूण शोधतो.

आपल्या गोव्याचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल आठवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं तर दोन पानं. गोवा, दमण, दीवचा सगळा राजकीय पेच दोन चित्रांत!

माझ्या आजोबांनी फुलाला मत दिलं होतं. भाषा, शिक्षण, कीर्तनं, घाटापलीकडची सोयरीक, असा एकेक मुद्दा समजवायला त्यांना दहा मिनिटं लागत. पानांची बाजू एका दमात सांगून व्हायची: गेलो तर गोवा उरणार नाही. त्यातून प्रत्येकाला आपापलं घर दिसत होतं. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडावर चढणाऱ्या रेंदेराला वेगळं काही समजवावं लागलं नाही. उल्हास बुयांव यांची गाणी गावोगाव पोचली. आणि गंमत म्हणजे, विलीनीकरणाविरुद्धचा मोठा प्रचार झाला तो मराठीतूनच. मडगावच्या ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजत होतं. पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170.

‘लोक गाण्यांना भुलले,’ असं आजोबा शेवटपर्यंत म्हणत. मला ते पटत नाही. त्याच मतदारांनी मार्चमध्ये विधानसभेच्या 30 पैकी 16 जागा विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षाला दिल्या. म्हणजे गोवा वेगळा हवा आणि सरकार भाऊंचं हवं, हे दोन्ही त्यांनी नीट निवडून सांगितलं. भुललेला माणूस इतका हिशेबी नसतो.

पण सोप्या घोषणेची एक गोम आहे, आणि ती आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चटकन कळते. फोटो लहान करून पाठवला की चेहरा ओळखू येतो, पाटीवरची बारीक अक्षरं मात्र जातात. ‘कसेल त्याची जमीन’ हे तीन शब्द भाऊंच्या काळात कुळांच्या घराघरांत गेले. कूळ कायदा 1964 मध्ये आला. पण जमिनीची मालकी कुळाला देणारी दुरुस्ती यायला 1976 उजाडलं, आणि ती मालकी कागदावर चढवायला अर्ज, सुनावण्या, तारखा. कधी, कुणाकडून, कुठल्या कागदावर, ही सगळी बारीक अक्षरं त्या तीन शब्दांत मावणारी नव्हतीच.

आमच्या वाड्यावरच्या एका घराचं नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर आहे, पण कूळ म्हणून. मालकीची सनद अजून हातात नाही. त्या घराच्या ओसरीवर भाऊंचा फोटो आहे. दर चतुर्थीला पुसून त्याला नवा हार घालतात.