तबकडीवर नाव कोणाचे?

जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' हे शब्द शिवीसारखे वापरले जातात, आणि तेही जगभर. फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर अशा स्विस कंपन्यांची वापरून थकलेली मशीन्स धुऊनपुसून, त्यांवर भडक लाल-हिरवी डायल चढवून ती इथून विकली जातात, म्हणून हे नाव पडले. मला या घड्याळांचे फार जुने वेड आहे आणि त्यांच्यावरचा राग अर्धाच रास्त आहे, असे माझे मत झाले आहे.

फेवर-ल्यूबाने मुंबईत व्यापार सुरू केला तो 1865 साली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. 1961 मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळे बनवायला घेतली, तरी घरातले जुने घड्याळ टाकून देणे कुणाला परवडत नव्हते. दोन मेलेल्या घड्याळांतून एक चालते करणारे कारागीर या गरजेतून तयार झाले. डायलचा जुना रंग उतरवायचा, नवा चढवायचा, त्यावर केसाएवढ्या रेघा छापायच्या, हे काम सोपे नाही. मात्र शेवटी त्या डायलवर पुन्हा स्विस कंपनीचेच नाव छापले जाते, आणि तिथे फसवणूक सुरू होते. हात मुंबईचा आणि नाव जिनिव्हाचे, हे मला आजही खुपते.

आता बोरिवली-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद करून, डोळ्याला भिंग लावून घड्याळ जुळवणारे हौशी लोक आहेत. या कामातला सोपा मार्ग थोडक्यात सांगून टाकतो: सेको समूहाचे एनएच 35 हे 24 ज्वेलचे, तासाला 21,600 ठोक्यांचे ऑटोमॅटिक मशीन विकत आणायचे, केस, डायल, काटे निवडायचे आणि बसवायचे. हात बसलेल्या माणसाचे हे एका संध्याकाळचे काम.

खरी मजा पुढे आहे. एचएमटी जनतातले 17 ज्वेलचे, किल्लीचे 0231 मशीन घ्यावे, नाहीतर मूळ खिशातल्या घड्याळासाठी बनलेले, 36.6 मिलिमीटर व्यासाचे युनिटास 6497 घ्यावे आणि ते उघडून सजवायला बसावे. महागड्या घड्याळाचे पैसे बऱ्याच अंशी या सजावटीचे असतात. स्क्रूचे डोके चकचकीत करून पितळेच्या किसावर ठेवायचे आणि खाली स्पिरिटचा दिवा लावायचा. 230 अंश सेल्सिअसच्या आसपास पोलाद पिवळसर होते, मग तपकिरी, मग जांभळे, आणि 290 ते 300 च्या दरम्यान गर्द निळे. क्षणभर उशीर झाला की रंग फिका पडतो. बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तिथे डाग उमटतो. मशीनमधल्या धातूच्या पट्ट्यांच्या (ब्रिजच्या) कडा 45 अंशांत तासायच्या असतात. यंत्राचे फिरते पाते गोल असल्यामुळे आतला कोपरा टोकदार काढणे त्याला जमत नाही, म्हणून जाणकार भिंगातून आधी तो कोपराच पाहतात.

इथे रॉजर स्मिथची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमधल्या बोल्टनचा हा विशीतला मुलगा. नामांकित इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांच्या 1981 च्या 'वॉचमेकिंग' या पुस्तकाच्या आधाराने त्याने आईवडिलांच्या घरी खिशातले टुर्बियाँ, म्हणजे फिरत्या पिंजऱ्याचे, घड्याळ हाताने घडवले. दीड वर्ष लागले. ते घेऊन तो आयल ऑफ मॅनला डॅनियल्सकडे गेला. डॅनियल्सनी ते पाहिले आणि नापसंत केले. ते हाताने केल्यासारखे दिसते, हीच त्यांची तक्रार होती. चांगल्या घड्याळात धडपड दिसता कामा नये, ते आपसूक जन्मल्यासारखे वाटले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. स्मिथ परत गेला आणि दुसरे घड्याळ करायला बसला. यात कायमस्वरूपी कॅलेंडरही होते, आणि मनाजोगे न झालेले भाग तो पुन्हा नव्याने करत राहिला. पाचएक वर्षांनी तो परतला तेव्हा डॅनियल्सनी एकेका भागाकडे बोट दाखवून हा कोणी केला, असे विचारले. प्रत्येक वेळी उत्तर एकच होते: मी. मग त्यांनी त्याला घड्याळजी म्हणून मान्यता दिली, आणि पुढे कामाला बोलावले.

उपनगरांना या कामात एक मोठी सोय आहे. मरोळच्या एमआयडीसीत किंवा घाटकोपरच्या एखाद्या गाळ्यात लेथवर हात बसलेला कारागीर भेटतो, आणि 316एल पोलादाची केस तिथे वळवून मिळू शकते. लहान पाने-पकडी, कानशी नागदेवी स्ट्रीटला. खरा शत्रू पावसाळा. जुलैच्या दमट हवेत उघडे ठेवलेले पोलादी भाग बघता बघता गंजतात, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावे लागतात.

राहता राहिली डायल. 'स्विस मेड' छापायला 2017 पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. स्विस लोकांनी आपल्या देशाच्या नावाची इतकी राखण केली आहे. माझी सूचना अशी: मशीनवर एचएमटीने ठोकलेला छाप आहे तसा राहू द्यावा, कारण ते काम त्यांचे आहे. वर, बाराखाली, करणाऱ्याने स्वतःचे नाव घालावे, आणि सहाच्या खाली, जिथे 'स्विस मेड' असते तिथे, बारीक अक्षरांत 'मुलुंड' छापावे.