पात्याच्या पलीकडचं टेबल

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा... जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सुताराच्या टिनाच्या शेडपाशी थांबा. मधोमध कटर मशीन दिसेल. अँगलच्या सांगाड्यावर जाड प्लायचा नाहीतर पत्र्याचा माथा, खाली मोटर आणि पट्टा, आणि माथ्याच्या फटीतून वर आलेलं दातेरी गोल पातं. लहान दुकानांत हातकटरच फळीखाली उलटा बसवलेला असतो. एक माणूस लाकूड पुढे ढकलतो. दुसरा, बहुधा घरातलंच एखादं पोरगं, पात्यामागे उभा राहून कापलेला माल धरतो. मला बोलायचंय ते या दुसऱ्याच्या जागेविषयी. तिथं माणूस नव्हे, टेबल हवं.

ते का नाही, याला कारण आहे. वऱ्हाडातला सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला. लाकूड पायानं दाबून धरायचं, वाकसानं तासायचं, करवतीनं कापायचं. बाभळीच्या तिफणी, वखर, डवरे, बंडीची चाकं हे सगळं त्यानं असंच घडवलं आणि सुगीला खळ्यावरून बलुतं घेतलं. कारंजा लाडच्या काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहिलं, की या मुलखात लाकडाची जाण किती खोल होती ते कळतं. पुढे ट्रॅक्टरमागे लोखंडी पेरणीयंत्र आलं आणि शेतीची कामं सुताराच्या हातून गेली. उरल्या चौकटी, दिवाण, कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. विजेच्या करवतीनं सुताराला उभं केलं. पण उभ्यानं काम करायचं तर मशीनभोवती जो आधार लागतो, तो मशीनबरोबर आला नाही. बसून काम करताना तो आधार जमीनच देत होती.

आता हिशेब पाहू. प्लायची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची. १९ मिलिमीटर जाडीची असेल तर वजन तीसेक किलोच्या पुढेच. पात्यामागे मशीनचा माथा साधारण दीड फूट उरतो. शीट लांबीत कापत नेली, की साडेपाच फूट कापून होताच तिची निम्मी लांबी माथ्याच्या कडेबाहेर गेलेली असते. तिथून ती पलीकडे झुकू लागते आणि कापायचं तर अजून अडीच फूट बाकी असतं. पुढचं टोक खाली जातं, मागचं टोक सुताराच्या हाताखालून वर उचलतं. मग तो काय करणार? दोन्ही हातांनी शीट खाली दाबणार, तेही पात्याच्या अगदी जवळ. सगळ्या कापणीतला हा सर्वांत वाईट क्षण.

याच वेळी शीट किंचित वाकडी झाली किंवा चीर मिटली, की लाकूड पात्याच्या मागच्या दातांना लागतं. हे मागचे दात खालून वर येत असतात. ते माल उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या पोटाकडे भिरकावतात. मिनिटाला २८०० फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याचा दात ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगानं धावत असतो. चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी पात्यामागे बसवलेली असली तर धोका पुष्कळ कमी होतो. गावातल्या घडीव मशीनवर ती क्वचितच असते.

पोरगं मदतीला असलं म्हणजे काम सुरक्षित झालं, ही समजूत मला फार घातक वाटते. पलीकडचा माणूस नुसता धरत नाही, तो नकळत ओढतो. ओढ जराशी तिरपी झाली की चीर आवळते. जोरात झाली तर माल ढकलणाऱ्याचा हातच पात्याकडे खेचला जातो. टेबल ओढत नाही, फक्त भार घेतं.

सॅम्युएल मिलर यांनी इंग्लंडमध्ये १७७७ साली घेतलेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख होता. बोटाचा स्पर्श होताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारी यंत्रणा अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये काढली. तसली महागडी मशीन आपल्या गल्लीत येईल तेव्हा येईल. हे टेबल मात्र गावातला वेल्डर आणि स्वतः सुतार मिळून करू शकतात.

लांबी आधी ठरवावी. शीट पूर्ण कापून झाली की तिचा मध्य पात्यापलीकडे चार फुटांवर असतो. त्यातला दीड फूट मशीनचाच. म्हणजे टेबल किमान अडीच फूट हवं, आणि तीन-साडेतीन केलं तर शीट निवांत विसावते. रुंदी पूर्ण चार फूट ठेवावी, कारण कापल्यावर दोन तुकडे होतात आणि दोन्हींना आधार लागतो.

उंचीत चूक चालत नाही. टेबल मशीनच्या माथ्यापेक्षा केसभरही वर नको, नाहीतर येणारी फळी कडेला अडते आणि नेमकी पात्यात अडकते. दीड-दोन मिलिमीटर खाली असावं. त्यासाठी सनमायकाचे एक मिलिमीटरचे दोन तुकडे एकावर एक टेबलावर ठेवावेत, मशीनच्या माथ्यावरून सरळ पट्टी पुढे धरावी आणि ती तुकड्यांना जेमतेम टेकेपर्यंत पाय वर-खाली करावेत. प्रत्येक पायाखाली दहा मिलिमीटरचा बोल्ट आणि वेल्ड केलेला नट असला, की बोल्टच्या एका फेऱ्यात दीड मिलिमीटर फरक पडतो.

माथ्यासाठी १९ मिलिमीटरचा प्लाय, आणि सनमायका दोन्ही बाजूंनी. वर एकाच बाजूला चिकटवला तर पावसाळ्यात खालची उघडी बाजू दमट हवा पिते आणि माथा वाकतो. मशीनच्या माथ्यात काटकोन-गाईड सरकवायच्या खाचा असतील तर त्या टेबलातही पुढे वाढवाव्यात, नाहीतर गाईडची पट्टी कडेला ठोकरेल.

आपल्याकडची खरी अडचण जमिनीची आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पातळ कोब्याची फरशी तिच्याबरोबर हलते. जूनमध्ये जुळवलेली पातळी ऑक्टोबरात तीच राहील याची खात्री नाही. म्हणून टेबलाचा सांगाडा मशीनच्या सांगाड्याला बोल्टनं जोडणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हलले तर दोघं मिळून हलतील. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीची कामं अंगावर येण्याआधी, पट्टी ठेवून एकदा तपासावं.

शेड दहा बाय बाराचं असेल तर टेबल बिजागरीवर घडीचं करावं. कायम उघडं ठेवता आलं तर त्यावर जोडणी होते, सनमायका चिकटवता येतो. फक्त कटर चालू करण्याआधी त्यावरचे फेविकॉलचे डबे, क्लॅम्प, चहाचे कप उचलायचे, आणि वाळलेला फेविकॉल खरवडून वर मेण घासायचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत. हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आहे आणि पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आहे. त्या दिवसांतला एक दिवस या टेबलाला द्यावा, प्रत्येकाकडून कागदावर आपल्या मशीनचं माप काढून घ्यावं. टेबल आलं की मदतनीस पात्यामागून हलतो. त्यानं बाजूला थांबावं, शीट चढवताना हात लावावा, पातं थांबल्यावर तुकडे उचलावेत, उरलेल्या वेळात कडांना पट्टी चिकटवावी.