वाकडी क्यू की वाकडा जोड?

पूल खेळणाऱ्याच्या हाती नवी क्यू द्या, तो आधी ती टेबलावर लोळवून पाहील. नक्षी, वजन, टिप हे सगळं नंतर. सरळ लोळली तर ठीक, जराशी उडाली की लगेच निकाल: ‘वाकलीये!’ या घाईच्या निकालापायी कितीतरी चांगल्या क्यू कोपऱ्यात धूळ खात पडतात. दोन तुकड्यांची क्यू जोडल्यावर डुगडुगते तेव्हा दोष दरवेळी लाकडाचा नसतो. पुष्कळदा तो मधल्या जोडाचा असतो, आणि जोड दुरुस्त होऊ शकतो.

पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस वजनाची. पुढचा निम्मा भाग म्हणजे शाफ्ट, बहुतेक टणक मेपलचा, टोकाला १३ मिलिमीटरच्या आसपास. मागचा जाड भाग म्हणजे बट. बटच्या तोंडातून एक पिन बाहेर आलेली असते आणि शाफ्टमध्ये तिच्या मापाचे आटे. कुठे ही पिन ५/१६ इंच जाड नि इंचाला १४ आट्यांची, कुठे ३/८ इंच आणि १० आट्यांची. पण पिनचं मुख्य काम दोन तुकडे ओढून धरण्याचं. क्यू सरळ राहते ती दोन्ही सपाट तोंडं एकमेकांवर नीट टेकतात म्हणून. ही तोंडं मध्यरेषेशी अचूक काटकोनात हवीत. क्यू बनवणाऱ्याची परीक्षा नक्षीकामापेक्षा इथे जास्त होते, असं माझं मत.

ब्रुकलिनचा जॉर्ज बालाबुश्का या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. जन्म १९१२ चा, रशियातला. अमेरिकेत आला १९२४ मध्ये. लाकूडकामातला हा माणूस १९५९ च्या सुमारास क्यूकडे वळला आणि ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ या एकसंध क्यू कापून त्यांच्या दोन तुकड्यांच्या क्यू करू लागला. म्हणजे सरळ काठी कापायची आणि ती पुन्हा तितकीच सरळ जोडायची. १९७५ मध्ये तो गेला. त्याच्या क्यू आज संग्राहक जपून ठेवतात. (‘द कलर ऑफ मनी’ या १९८६ च्या सिनेमात बालाबुश्का म्हणून मिरवलेली क्यू मात्र दुसऱ्याच कंपनीची होती.)

काटकोन थोडा चुकला तर किती बिघडतं? जोडाचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर, पुढे शाफ्टची लांबी सुमारे ७३५. जोडाच्या एका कडेला जी फट राहील ती टिपपाशी ३५ पट होते. झेरॉक्सचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेवढी फट राहिली की टिप साडेतीन मिलिमीटर बाजूला गेली!

म्हणून तपासणी करायची ती क्यू सुटी करून. टेबलाचं कापड मऊ असतं, बारीक दोष त्यात लपून जातात. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा बरा. एकटा शाफ्ट हळू लोळवा आणि खालून दिसणारी उजेडाची फट पाहा. दर फेऱ्याला फट एकदा उघडून मिटली तर शाफ्टला बाक आहे. दोनदा उघडली तर बाक नाही, शाफ्ट गोल राहिलेला नाही. लाकूड वाळताना सगळीकडे सारखं आकसत नाही. वाढवलयांच्या दिशेने मेपल जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेने. मुंबईच्या पावसाळ्यातून एसी हॉलमध्ये आणि तिथून तापलेल्या गाडीच्या डिकीत फिरणाऱ्या शाफ्टला हे भोगावं लागतंच.

मग बट. तो ओट्यावर असा ठेवा की पिन कडेबाहेर अधांतरी राहील, आणि लोळवताना नजर पिनच्या टोकावर ठेवा. टोक एका रेषेत सरकत गेलं तर पिन सरळ आहे. ते खालीवर होत असेल तर पिन वाकलेली आहे किंवा मुळात तिरकी बसवलेली. आट्यांवर टोपण न घालता क्यू पडू देणाऱ्यांकडे हे हमखास आढळतं.

दोन्ही तुकडे निर्दोष आणि जोडल्यावरच डुगडुग, तर जोड पकडायचा. आधी तोंडं पुसा. चॉकची पूड, मेण, वॉर्निशचा वाळलेला थेंब, एवढंही पुरतं. आटे जुन्या टूथब्रशने झाडा. मग क्यू आवळून जोडावरून नख फिरवा. पायरी लागली तर दोन्ही मध्य जुळत नाहीत. पायरी नाही, पण उजेडासमोर धरल्यावर एका बाजूने बारीक रेघ दिसते, तर तोंड तिरकं आहे. कुणाचं, ते ठरवायला त्याच मापाचा दुसरा शाफ्ट लावून पाहा. डुगडुग राहिली तर बटमध्ये दोष, गेली तर पहिल्या शाफ्टमध्ये. स्नूकरवाल्यांनी जास्तच जपावं: तीन-चतुर्थांश जोडाच्या क्यूत पुढचा तुकडा लांब, त्यामुळे तीच फट टोकाशी आणखी मोठी होते.

आता उपाय. पॉलिशपेपर घेऊन तोंड घासायचा मोह होतो, तो आवरा. हाताने घासलं की कडा आधी झिजतात, मधे फुगवटा राहतो आणि आधी एका बाजूला टेकणारी क्यू मग कुठेच नीट टेकत नाही. हातोडीने पिन सरळ करणं त्याहून वाईट. पिन वळण्याआधी तिच्या भोवतालचं लाकूड चिरतं. तिरकं तोंड लेथवर, तुकडा मध्यावर बांधून, केसभर छाटायचं असतं. वाकलेली पिन काढून, भोक मध्यावर घेऊन नवी बसवतात. शाफ्टमधला धातूचा आटा सैल झाला असेल तर तो काढून नव्या इपॉक्सीने पक्का करतात. बाक आलेल्या मेपलला मात्र खात्रीचा इलाज नाही. नवा शाफ्ट घ्यावा.

टिपपाशी मिलिमीटरभर डुगडुग असेल आणि चेंडू हवा तिथे जात असेल, तर क्यू आहे तशी खेळा. त्याहून जास्त असेल तर क्यूचं काम जाणणारा लेथवाला गाठा, आणि दुरुस्तीला देताना बट आणि त्याचे सगळे शाफ्ट एकत्रच द्या. एका तुकड्यावरून जोड तपासता येत नाही.