रायगडाच्या पायऱ्या आणि उपाशीपोटीची गोळी

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीतल्या आमच्या वस्तीतून आम्ही अठरा जण रायगडला निघालो. आदल्या दिवशी महाडला उतरून चवदार तळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन केले आणि रात्री पाचाडला मुक्काम केला. आपली माणसे महाडपर्यंत नेहमी जातात, पण तिथून जवळच असलेली शिवरायांची राजधानी पाहायची राहून जाते. १९२७ च्या डिसेंबरात महाडची परिषद आटोपल्यावर बाबासाहेब रायगडावर गेले होते, हे आमच्यातल्या कित्येकांना तिथेच समजले.

रोपवे आहे; पण पोरांचा हट्ट, पायीच जायचे. पायऱ्या चौदाशेच्या वर. उन्हाआधी चढावे म्हणून पहाटेच निघालो. नुसता चहा घेतला, पोहे वर गेल्यावर खायचे ठरले. चूक झाली ती इथेच.

महादरवाजाच्या अलीकडे आमची एक मावशी पायरीवर बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते आणि विचारले एक तर उत्तर भलतेच. कोणी म्हणाले दम लागला, कोणी म्हणाले उष्णता. आमच्यात एक आशाताई होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "मावशी, शुगरची गोळी घेतलीस का?" घेतली होती. शुगर असल्याचे तिने कोणाला सांगितलेच नव्हते. आपल्यामुळे पोरांची सहल मोडू नये, म्हणून.

शुगरच्या काही गोळ्या, तसेच इन्शुलिन, रक्तातली साखर खाली आणतात. त्यात पोट रिकामे आणि वर चढण, म्हणजे साखर एकदम उतरते. आशाताईंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत मावशी नीट बोलू लागली. बरे वाटले नसते तर तेवढीच साखर पुन्हा द्यायची असते. त्यानंतर लगेच पोहे खायला घातले. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा.

दोघे जण मावशीला घेऊन खाली गेले. बाकीचे आम्ही वर गेलो. ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला ती राजसदर पाहिली, बाजारपेठेच्या उंच जोत्यांमधून चाललो, गंगासागराकाठी बसलो. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे, तिथे पोरे बराच वेळ थांबली. राजधानी ज्यांच्या हातांनी उभी राहते त्यांचे नाव क्वचितच कोरलेले दिसते.

उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हातात काठी घ्यावी, पाऊल तिरके टाकावे, घाई करू नये. छातीत कळ आली किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे सरकले, तर एक पायरीही पुढे जाऊ नये. शुगरवाल्यांनी चपलेऐवजी मोजे-बूट घालावेत. त्यांच्या पायाला फोड आला तरी कळत नाही.

पाचाडला परतलो तेव्हा मावशी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. आम्हाला पाहताच म्हणाली, "जानेवारीत परत येऊ. मी रोपवेने येते, वरचे सगळे चालत बघते." हल्ली ती डॉक्टरांना विचारून रोज संध्याकाळी थिबा राजवाड्याच्या रस्त्याने फिरते. निघताना पदराला गुळाचा खडा बांधते आणि शेजारणीला सांगून निघते.