परदेशी मालकावरही बंधने असतात. ती आधी वाचून घ्या!

शेतकरी बंधूंनो, दुबई, सौदी, कतार ही नावे आता आपल्या वाड्यावस्त्यांना नवी राहिलेली नाहीत. जमिनीचे तुकडे झाले, पावसाचा भरवसा उरला नाही, म्हणून घरातला एखादा पोरगा म्हणतो, "दोन वर्षं बाहेर काढून येतो." जाऊ द्यायला हरकत नाही. मात्र तो निघतो तेव्हा सगळे गाव एकच विचारते, पगार किती? पगाराशिवाय मालकाने आणखी काय काय द्यायचे असते, हे कुणी विचारत नाही. पुढचा घोटाळा होतो तो नेमका तिथेच.

ऊसतोडीचा व्यवहार आपल्याला माहीत आहे. तिथे मुकादम मजुराला उचल देतो. परदेशच्या नोकरीत गाडी उलटी फिरते. मजूरच एजंटाला पैसे मोजतो. त्यासाठी बैलजोडी विकतो, नाही तर व्याजाने पैसे काढतो. एकदा डोक्यावर कर्ज बसले, की तिथे मालक म्हणेल ती अट पोरगा निमूट मान्य करतो. रिकाम्या हाताने माघारी यायची सोय उरलेली नसते. म्हणून सांगणे एवढेच, की पैसे मोजण्याआधी करारपत्र हातात घ्या आणि ते वाचा.

करारपत्रात काय असलेच पाहिजे?

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे 1983 चा उत्प्रवास कायदा आहे. सरकारी परवानगीसाठी जे करारपत्र सादर होते, त्यात पुढील गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात :

1. कामाचे ठिकाण आणि कराराची मुदत.
2. पगार व नोकरीच्या इतर अटी.
3. मोफत जेवण किंवा जेवणाचा भत्ता.
4. राहण्याची मोफत सोय.
5. कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, रजा आणि त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मिळणारे इतर लाभ.
6. जाण्यायेण्याचा विमानखर्च मालकाकडून.
7. दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर पार्थिव मायदेशी पाठवण्याची व्यवस्था.
8. तंटा झाला तर तो कसा मिटवायचा, याची पद्धत.

यातले सातवे कलम वाचायला कुणालाही नको वाटते. पण 12 जून 2024 रोजी कुवेतमध्ये मंगफ येथे कामगारांच्या राहत्या इमारतीला आग लागली, तेव्हा 45 भारतीयांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने आणावे लागले. राहण्याची जागा कशी आहे आणि काही झाले तर जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरलेले असावे ते याचसाठी.

तिथले कायदे काय सांगतात?

संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार मालकाने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायचा नाही आणि त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवायचा नाही. कतारमध्ये मार्च 2021 मध्ये किमान वेतन लागू झाले. त्यात मूळ पगार 1,000 रियाल, शिवाय मालक सोय करत नसेल तर राहण्यासाठी 500 आणि जेवणासाठी 300 रियाल असे ठरले.

एक गोष्ट आपल्या पोरांसाठी फार महत्त्वाची आहे. खासगी मळ्यावरचे काम, शेळ्या-मेंढ्या किंवा उंट राखणे आणि घरकाम ही कामे अनेक आखाती देशांत मुख्य कामगार कायद्याच्या बाहेर ठेवलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळे, बहुधा तोकडे नियम असतात. "शेतीचंच काम आहे, आपल्याला जमतंय" म्हणून पोरगा हरखून जातो. पण अशा कामात कायद्याचा आधार कमी, म्हणून करारपत्राचा आधार अधिक पक्का हवा.

एजंट खरा की खोटा?

बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग, लॉट नंबर बघतो आणि पक्की पावती घेतो. नाही तर उगवण झाली नाही म्हणून तक्रार कशाच्या जोरावर करणार? इथेही तीच रीत ठेवा. भरती एजंटाकडे केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. त्याचे नाव ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. मालकाने त्याला दिलेले मागणीपत्र आणि मुखत्यारपत्र दाखवायला सांगा. एजंटाचे सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये, अधिक जीएसटी एवढेच आहे आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. कुणी लाख-दीड लाख रोख मागून पावतीला टाळाटाळ करू लागला, तर तिथूनच उठून या.

‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर पक्का करून देतो’ हे वाक्य ऐकू आले, की सावध व्हा. व्हिजिट व्हिसा हा पाहुण्याचा व्हिसा. त्यावर काम करणे हाच तिथे गुन्हा ठरतो. वर आपण आठ कलमे मोजली, त्यांतले एकही मग मालकाला लागू करता येत नाही, कारण कागदोपत्री तो आपला मालकच नसतो.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. आखाती देश, मलेशिया, जॉर्डन अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्यांना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यांचे कार्यालय मुंबईतही आहे. हे लचांड नव्हे, कुंपण आहे. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा उतरवावा लागतो. दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये अधिक कर एवढा हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण. दहावी पास झालेल्याला ही परवानगी लागत नाही. म्हणजे त्याचे करारपत्र दुसरे कुणी तपासत नाही, ते त्यानेच डोळ्यांत तेल घालून वाचायचे.

गावाने काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती, की परदेशी जाणाऱ्याचे करारपत्र इंग्रजीत असले तर गावातल्या शिक्षकांकडून ते घरच्यांसमोर मराठीत वाचून घ्या. करारपत्र, पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि एजंटाची पावती यांच्या प्रती घरी ठेवायला सांगा. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच कागदावर सही मागितली जाते, पगार कमी दाखवला जातो, असे प्रकार घडतात. अशा वेळी भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार करताना घरातली ही प्रतच कामी येते. अडलेल्या कामगारांसाठी दूतावासांकडे 2009 पासून कल्याण निधीही आहे.

पोरगा चार पैसे मिळवायला जातोय, आनंदाने पाठवा. पण बैल विकायच्या आधी तो कागद घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचा. एखादे कलम गाळलेले दिसले, तर एजंटाला विचारा. उत्तर मिळत नसेल, तर बैल दावणीला राहू द्या.