सनद आणि ऋण : थकलेल्या शिक्षणकर्जापायी व्यवसायाचा अधिकार जावा काय?

१

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावरही ते स्थानक आहे. धानाची शेती हा या मुलखाचा मुख्य आधार, आणि जुन्या मालगुजारी तलावांचे पाणी हा त्या शेतीचा. अशा गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या कन्येने परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कर्ज काढून पूर्ण केला, तिला परिषदेची नोंदणी मिळाली, नोकरीही लागली, परंतु कर्जाचे हप्ते मात्र थकले, असे आपण समजू. या थकबाकीपायी तिची नोंदणीच रद्द करण्याचा अधिकार कोणास असावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

प्रश्न वरवर काल्पनिक वाटेल. कारण भारतात असा थेट अधिकार आजमितीस कोणत्याही बँकेस नाही. तथापि अमेरिकेतील अनेक राज्यांत तो दीर्घकाळ अस्तित्वात होता, आणि आपल्याकडेही त्याच विचारसरणीची चिन्हे वेगळ्या रूपाने दिसू लागली आहेत. म्हणून त्याचा तात्त्विक आणि वैधानिक अंगांनी विचार करणे अगत्याचे आहे.

२

प्रथम अमेरिकेचा अनुभव पाहू. १९९० साली तेथील संघीय शिक्षण विभागाने राज्यांना असे सुचविले की, विद्यार्थी-कर्ज थकविणाऱ्यांनी परतफेडीची व्यवस्था करीपर्यंत त्यांना व्यावसायिक परवाने नाकारावेत. अनेक राज्यांनी त्यानुसार कायदे केले. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने केलेल्या शोधात असे कायदे १९ राज्यांत असल्याचे आणि परवाना निलंबित झाल्याची अथवा तसा धोका उद्भवल्याची निदान ८,७०० प्रकरणे घडल्याचे आढळले. एकट्या टेनेसी राज्यात २०१२ ते २०१७ या काळात ५,४०० हून अधिक व्यक्तींची नावे परवाना देणाऱ्या मंडळांकडे कळविण्यात आली होती. त्यांत परिचारिका होत्या, शिक्षक होते, केशकर्तनाचा व्यवसाय करणारेही होते. साउथ डकोटात तर वाहन चालविण्याच्या परवान्यापर्यंत हा हात पोहोचला होता.

या व्यवस्थेतील विसंगती लवकरच लोकांच्या ध्यानी आली. ज्या विद्येच्या बळावर ऋणको कर्ज फेडणार, त्या विद्येचा उपयोग करण्यासच त्याला मनाई करावयाची आणि तरीही कर्ज फिटेल अशी अपेक्षा धरावयाची, हे तर्कास धरून नव्हते. इलिनॉय, वॉशिंग्टन आदी राज्यांनी आणि २०१९ साली टेक्सासने हे कायदे मागे घेतले. मात्र त्या देशात विद्यार्थी-कर्ज नादारीनेही सहसा सुटत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. १९७६ साली सुरू झालेले हे निर्बंध १९९८ साली इतके कडक करण्यात आले की, ‘असह्य हालअपेष्टा’ न्यायालयात सिद्ध केल्यावाचून संघीय कर्जातून सुटका नाही. म्हणजे एकीकडे सुटकेचा मार्ग बंद, आणि दुसरीकडे कमाईचाही.

३

आता आपल्याकडील कायद्याकडे वळू. व्यावसायिक नोंदणीच्या कायद्यांत ऋणाचा विचार मुळीच नाही असे मात्र नाही. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाच्या कलम ८ नुसार नादारीतून मुक्त न झालेल्या व्यक्तीचे नाव नोंदवहीत घालता येत नाही. नादारीतून मुक्त झालेल्यासही, ती आपत्ती आपल्या गैरवर्तनाने नव्हे तर दुर्दैवाने ओढवली, असे न्यायालयाचे प्रमाणपत्र आणावे लागते. परिव्यय लेखापाल आणि कंपनी सचिव यांच्या कायद्यांतही हेच तत्त्व आढळते. येथे कायद्याची दृष्टी स्पष्ट आहे. परक्याचा पैसा तपासणाऱ्याच्या हाती विश्वास सोपवावयाचा, तेव्हा त्याच्या आर्थिक स्थितीचा विचार करणे अप्रस्तुत नाही. शिवाय दुर्दैव आणि दुर्वर्तन यांतील भेदही त्या कायद्याने राखला आहे.

वकिलांची गोष्ट निराळी आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील कलम २४-अ मध्ये सनद नाकारण्याची कारणे दिली आहेत. नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल शिक्षा, अस्पृश्यतेसंबंधीच्या कायद्याखालील शिक्षा, तशाच आरोपावरून शासकीय सेवेतून बडतर्फी, ही ती कारणे होत. थकलेले कर्ज त्यांत नाही. वैद्य आणि परिचारिका यांच्या परिषदाही नाव कमी करतात ते अपराध वा व्यावसायिक गैरवर्तन यांपायी. सावकाराच्या तक्रारीपायी नव्हे. सनदेचा हेतू रुग्णाचे, पक्षकाराचे आणि समाजाचे रक्षण हा आहे. ती वसुलीचे साधन म्हणून निर्माण झालेली नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीधरांच्या बंधपत्राचा प्रश्न याहून वेगळा मानला पाहिजे. महाराष्ट्रात एमबीबीएस झालेल्यांस एक वर्ष शासकीय सेवा बंधनकारक आहे आणि ती न केल्यास दहा लाख रुपयांचा दंड आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी ही रक्कम त्याहून पुष्कळ मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ रोजी अशा बंधपत्रांची वैधता मान्य केली. परंतु तेथे देणे फेडावयाचे ते सेवेच्या रूपाने. म्हणजे विद्येचा उपयोग करावयास लावणे हाच त्या बंधनाचा गाभा आहे. परवाना काढून घेणे ही त्याच्या नेमकी उलट गोष्ट होय.

४

तरीही ऋणाची छाया उपजीविकेवर पडू लागली आहे, ती अन्य मार्गाने. २००५ च्या पत-माहिती कंपन्यांविषयक अधिनियमानंतर प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची नोंद ठेवली जाऊ लागली. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते, आणि ती नोंद ऋणकोच्या मागे राहते. बँकांच्या नोकरभरतीच्या अधिसूचनांत आता ही नोंद निर्दोष असण्याची अट असते. आयबीपीएसच्या अधिसूचनांत रुजू होण्यापूर्वी ती नोंद दुरुस्त करण्यास किंवा धनकोचे ना-हरकत पत्र सादर करण्यास वाव ठेवलेला आढळतो. भारतीय स्टेट बँकेची अट अधिक कठोर होती. त्या अटीवरून रद्द झालेली एका उमेदवाराची नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ साली परत मिळवून दिली नाही. आपली कर्जे अगोदरच फेडली होती, असा त्या उमेदवाराचा युक्तिवाद होता. जनतेचा पैसा हाताळणाऱ्यांकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा करणे योग्यच आहे, असे न्यायालयाचे मत पडले. लेखापालांच्या कायद्यामागील तर्कच येथे आहे; परंतु दुर्दैव आणि दुर्वर्तन यांतील भेद मात्र गळून पडला आहे.

याउलट मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी दिलेला निर्णय दुसऱ्या टोकाचा आहे. थकबाकीदाराने देश सोडू नये म्हणून ‘लुकआउट’ परिपत्रक काढण्याची मागणी करण्याचा सार्वजनिक बँकांच्या अध्यक्षांना दिलेला अधिकार त्या न्यायालयाने रद्द ठरविला. बँक ही धनको आहे. धनकोने नागरिकाच्या मूलभूत स्वातंत्र्यावर स्वतः निर्बंध घालू नयेत, हे त्याचे सार होय. याच शहरातील पदपथवासीयांच्या प्रकरणात, १९८५ साली, उपजीविकेचा अधिकार हा जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, हेही येथे स्मरणीय आहे.

५

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात फार जुने आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ले केले. त्यानंतर १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियमाने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करण्यास मनाई केली. हा कायदा दख्खनच्या चार जिल्ह्यांपुरता होता; गोंदियाचा प्रदेश तेव्हा मध्यप्रांतात असल्याने त्यास तो लागू नव्हता. परंतु १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सर्वांस लागू आहे. त्यानुसार कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, त्याचे बैल आणि बियाणे जप्त करता येत नाहीत. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, केवळ दारिद्र्यामुळे देणे न फेडणाऱ्यास कारागृहात टाकता येणार नाही, असे स्पष्ट केले.

यामागील विचार दयेचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे. नांगर नेला तर पीक बुडते, आणि पीक बुडाले तर कर्जही बुडते. आजच्या परिचारिकेचा नांगर म्हणजे तिची नोंदणी. सौंदडच्या त्या कन्येने दरवर्षी एक लाख याप्रमाणे तीन लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले असे धरू. अभ्यासक्रमाची तीन वर्षे आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो, परंतु सरळ व्याज चढतच असते. ते ९०,००० रुपये होऊन देणे ३,९०,००० वर जाते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ५,१५० रुपये येतो. वेतन बारा हजार असेल, तर कलम ६० नुसार पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. म्हणजे हुकूमनामा मिळविलेल्या बँकेसही महिन्यास ३,६६७ रुपयांहून अधिक घेता येत नाही. न्यायालय जेवढे सक्तीने घेऊ देत नाही, तेवढे तिने स्वेच्छेने द्यावे अशी ही अपेक्षा आहे. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता सुमारे ४,१९० रुपयांवर येतो. नोंदणी रद्द केली तर बँकेच्या हाती काहीच येत नाही.

६

बँकेची बाजूही नजरेआड करून चालणार नाही. २००१ च्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेपासून लहान रकमांची कर्जे तारणावाचून दिली जातात. २०१५ साली सुरू झालेल्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाच्या थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी मिळते. उरलेला भार बँकेचा. ऐपत असूनही न देणारे ऋणको असतातच, आणि त्यांच्यापायी पुढील विद्यार्थ्यांस कर्ज मिळणे दुष्कर होते. म्हणून सक्तीची साधने असावीत. मात्र ती ऐपत आणि अनैपत यांत भेद करणारी असावीत. न्यायालयीन जप्तीत हा भेद आहे. सनद रद्द करण्यात तो नाही.

आपल्या विधिमंडळांनी एका ठिकाणी मात्र सावध राहावयास हवे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ७९ मध्ये विद्यार्थी-कर्जाची गणना ‘वगळलेल्या ऋणां’त केली आहे, म्हणजे दिवाळखोरीतून सुटका झाली तरी ते देणे कायम राहील. व्यक्तींसंबंधीचा हा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांखेरीज इतरांस लागू झालेला नाही. तो जेव्हा लागू होईल, तेव्हा सुटकेचा एक मार्ग बंद होईल. त्याच वेळी कोणी सनदेलाही हात घालण्याची सूचना केली, तर अमेरिकेने टाकलेला मार्ग आपण उचलल्यासारखे होईल.

सौंदडच्या त्या घरात आज नोंदणी सुरक्षित आहे, हे खरे. परंतु अशा कर्जात पिता सहऋणको असतो. कन्येचा हप्ता थकला की नोंद त्याच्याही नावावर चढते, आणि रोवणीच्या तोंडावर पीककर्ज मागावयास गेल्यावर ती त्याच्या आड येऊ शकते. लोकअदालतीत तडजोड, मुदतवाढ, हप्त्यांची पुनर्रचना हे उपाय उपलब्ध आहेत. ते वेळीच योजले तर नांगरही वाचतो आणि देणेही फिटते. कायद्याने बैल वाचविला तो एवढ्याचसाठी. पदवीच्या युगात तोच न्याय सनदेस लावावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.