गिटारला कोणत्या तारा लावायच्या? पाकिटावरच्या १०, ११, १२ या आकड्यांचा अर्थ काय?

नवी गिटार घरात येते तेव्हा उत्साह मोठा असतो. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं दुखायला लागतात, दुसऱ्या आठवड्यात ‘एफ’ कॉर्डशी झटापट सुरू होते आणि बऱ्याच घरांत दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर जाऊन बसते. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. पण कित्येकदा त्या गिटारवर नवख्या बोटांना झेपणार नाहीत इतक्या जाड तारा असतात, आणि ते कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरीकडे, कुणाकडून तरी मिळालेल्या जुन्या गिटारवर दुकानात समोर दिसेल तो सेट चढवला जातो. काही महिन्यांत ब्रिज एका बाजूने उचकटून वर येतो आणि तारांच्या पाकिटापेक्षा दुरुस्तीचा खर्च कितीतरी जास्त होतो.

दोन्ही ठिकाणी घोळ एकाच गोष्टीचा असतो, तो म्हणजे ताण. तार सुरात मिळवली की ती गिटारला आणि वाजवणाऱ्याच्या बोटाला किती जोराने ओढते, हे कळलं की तारा निवडणं फारसं अवघड राहत नाही.

सगळ्यात आधी: गिटार नायलॉनची की स्टीलची?

अकूस्टिक गिटारचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांची. दुसरी स्टीलच्या तारांची, जी आपल्याकडे बहुतेकांच्या हातात दिसते. लांबून दोन्ही सारख्याच वाटतात, पण आतली बांधणी वेगळी असते.

ओळखायचं कसं? ब्रिजकडे बघा. तारांची टोकं छोट्या खुंट्यांसारख्या पिनांनी भोकांत दाबून बसवलेली असतील तर ती स्टीलची गिटार. तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतील, डोक्याकडच्या भागात दोन लांब खाचा असतील आणि मान चांगली रुंद असेल, तर ती क्लासिकल.

हे बघणं इतकं महत्त्वाचं का? नायलॉनचा पूर्ण सेट सुरात मिळवल्यावर सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या आसपास असतो. स्टीलच्या नेहमीच्या १२ नंबरच्या सेटचा ताण सुमारे ७४ किलो होतो. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास ब्रिजला लटकलेला आहे असं समजा! क्लासिकल गिटारची वरची फळी पातळ असते, तिच्या आतले आधार हलके असतात आणि बहुतेक क्लासिकल गिटारच्या मानेत लोखंडी सळई नसते. तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या तर फळी फुगते, मान वाकते, ब्रिज निघतो. त्यामुळे क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीच लावू नयेत.

उलट केलं, म्हणजे स्टीलच्या गिटारवर नायलॉन लावलं, तर मोडतोड होत नाही. फक्त आवाज मिणमिणता येतो, कारण जड बांधणीची फळी हलवायला तेवढा जोर पुरत नाही.

नायलॉनच्या तारांचा जन्मही टंचाईतून झाला. त्याआधी गिटारला जनावरांच्या, मुख्यतः मेंढीच्या आतड्यांपासून केलेल्या तारा लावत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याचा धागा हवा होता, त्यामुळे वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने ड्युपाँट कंपनीच्या नायलॉनवर प्रयोग केले. विख्यात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या तारा उचलून धरल्या आणि पाहता पाहता आतड्याच्या तारा मागे पडल्या.

१०, ११, १२ म्हणजे नेमकं काय?

स्टीलच्या तारांच्या पाकिटावर ‘१०-४७’, ‘१२-५३’ असे आकडे असतात. यातला पहिला आकडा सर्वांत बारीक तारेची जाडी आणि दुसरा सर्वांत जाड तारेची जाडी. माप असतं इंचाच्या हजाराव्या भागात. १२ म्हणजे ०.०१२ इंच, साधारण ०.३ मिलिमीटर. या जाडीला ‘गेज’ म्हणतात. दुकानात कुणी ‘१२ चा सेट द्या’ म्हणतो तेव्हा तो पहिल्या तारेचं गेज सांगत असतो.

बाजारात सहसा मिळणारे सेट असे:

• १०-४७: एक्स्ट्रा लाइट. एकूण ताण ६० किलोच्या आसपास.
• ११-५२: कस्टम लाइट. मधला मार्ग.
• १२-५३: लाइट. एकूण ताण सुमारे ७४ किलो. अनेक गिटार कारखान्यातून याच मापाच्या तारा लावून येतात.
• १३-५६: मीडियम. ताण ८० किलोच्या वर.

इथे नावांनी फसगत होते. ‘लाइट’ लिहिलंय म्हणजे हलक्याच तारा असणार, असं समजून नवशिका १२ चा सेट घेतो. पण त्या नावाच्या खाली आणखी दोन पायऱ्या आहेत. म्हणून नावापेक्षा आकडा वाचावा.

दोन नंबरांनी एवढा काय फरक पडतो?

१० आणि १२ यांत ०.०५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. बोटांना मात्र तो लगेच कळतो. याचं कारण फ्रान्सच्या मारँ मर्सेन यांनी १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांमध्ये सापडतं. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचं वजन. लांबी तीच, सूर तोच आणि तार जड, तर ताण त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. तारेचं वजन तिच्या जाडीच्या वर्गाने वाढतं. १२ ची तार १० च्या तारेपेक्षा १.२ पट जाड, म्हणून वजन १.२ गुणिले १.२, म्हणजे १.४४ पट. ताणही तितकाच, ४४ टक्के जास्त! पहिली तार १० ची असेल तर ती सुमारे ७.३ किलोने ओढते, १२ ची असेल तर १०.६ किलोने.

मग सगळ्यांनी बारीकच तारा का लावू नयेत? कारण या ताणाचा मोबदला आवाजात मिळतो. जड तार फळीला जास्त जोराने हलवते, त्यामुळे आवाज मोठा आणि भरदार येतो. बारीक तारा जोरात वाजवल्या तर फ्रेटवर आपटून खरखरतात. जोरकस स्ट्रमिंग करणारे, मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट गिटारवर वाजवणारे १२ किंवा १३ पसंत करतात ते यासाठीच. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्यांना, लहान आकाराच्या गिटारला आणि शिकाऊ हातांना १० किंवा ११ सोयीच्या पडतात.

आपल्याकडच्या वाद्यांनाही हे नवं नाही. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याचंच बघा. मर्दानी आणि जनानी तंबोऱ्याला एकाच जाडीच्या तारा चालत नाहीत. ज्या सुरात वाद्य लावायचं, त्यानुसार तार निवडावी लागते.

ब्राँझ की फॉस्फर ब्राँझ?

पाकिटावरची दुसरी माहिती धातूची. गिटारची सर्वांत जाड तार सलग स्टीलची केली तर ती सळईसारखी ताठ होईल आणि नीट झंकारणार नाही. म्हणून आत स्टीलची बारीक तार ठेवून तिच्यावर दुसऱ्या धातूची तार गुंडाळतात. त्यामुळे वजन वाढतं आणि लवचीकपणाही टिकतो. धातूची सगळी चर्चा या गुंडाळीची असते.

• ८०/२० ब्राँझ: ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. खरं तर हे पितळच, पण व्यापारात ब्राँझ हे नाव रूढ झालं. आवाज लखलखीत आणि धारदार. ही चमक लवकर उतरते.
• फॉस्फर ब्राँझ: सुमारे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये या तारा गिटारसाठी आणल्या. आवाज थोडा उबदार, गाण्याच्या साथीला छान. गंज आणि घामाला या जरा जास्त तोंड देतात.
• सिल्क अँड स्टील: स्टीलच्या गाभ्याभोवती रेशमासारखे धागे आणि त्यावर गुंडाळी. ताण कमी, आवाज मऊ आणि थोडा लहान. हळुवार वाजवणाऱ्यांसाठी.

निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेहमीच्या सेटमध्ये पहिल्या दोन तारा गुंडाळी नसलेल्या, साध्या स्टीलच्या असतात. सेट ब्राँझचा असो वा फॉस्फर ब्राँझचा, त्या दोन तारांत या धातूंचा संबंधच येत नाही. फरक पडतो तो उरलेल्या चार तारांत. त्यामुळे धातू हा आवडीचा प्रश्न आहे, आणि त्याआधी गेज ठरवलेलं बरं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मात्र अकूस्टिकवर लावू नयेत. त्यांच्या गुंडाळीत बहुधा निकेलचा मुलामा दिलेलं स्टील असतं. ते पिकअपच्या चुंबकासाठी योग्य, पण लाकडी फळीवर त्याचा आवाज फिका येतो.

कोटेड तारा घ्याव्यात का?

तारेचे शत्रू दोन: घाम आणि दमट हवा. बोटांचा घाम आणि मळ गुंडाळीच्या फटींत साचतो, तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि सूर लावूनही कॉर्ड बेसूर वाटतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, साध्या तारा फार लवकर काळवंडतात.

यावर उपाय म्हणून तारेवर अतिशय पातळ थर दिला जातो. गोअर-टेक्स कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गोअर कंपनीने १९९७ मध्ये ‘एलिक्सर’ या नावाने अशा तारा बाजारात आणल्या. आज अनेक कंपन्या त्या बनवतात. त्या साध्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात, पण टिकतातही जास्त. ज्याच्या हातांना खूप घाम येतो किंवा जो समुद्राजवळ राहतो, त्याला हा खर्च परवडतो. जो हौसेने वरचेवर तारा बदलतो, त्याला साध्या तारा पुरतात. दोघांनीही वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा वरून आणि खालून पुसल्या तर पैसे वाचतात.

आवाज बोदा झाला, बोटं काळी होऊ लागली, तारेवर फ्रेटच्या जागी खळगे दिसले किंवा सूर टिकेनासा झाला, की तारा बदलायची वेळ आली असं समजावं.

तारा बदलूनही बोटं दुखतात?

मग तारांची उंची तपासा. बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर असेल तर ठीक. अंतर याहून बरंच जास्त असेल तर कितीही बारीक तार लावा, ती दाबताना त्रास होणारच. दमट हवेत लाकूड फुगूनही ही उंची वाढते. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावं. ‘सेटअप’ करायचाय असं सांगितलं की त्याला कळतं.

आणखी एक बिनखर्चाचा उपाय आहे. सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली लावा आणि पहिल्या फ्रेटवर कापो बसवा. सूर नेहमीचेच येतात, पण ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. बोटं तयार झाली की कापो काढून पुन्हा नेहमीसारखं मिळवता येतं.

जाडी बदलताना काय सांभाळावं?

१२ वरून ११ वर येणं सहसा विनासायास जमतं. दोन-तीन पायऱ्या खाली आलं तर मानेवरची ओढ कमी होते, ती किंचित मागे सरकते आणि तारा फ्रेटवर खरखरू शकतात. जाड तारांकडे गेलं तर उलट: मान पुढे ओढली जाते, तारा उंच होतात आणि नटच्या खाचांत जाड तार अडकते. दोन्ही वेळा मानेतली सळई जुळवून घ्यावी लागते. जुन्या, स्वस्त किंवा ब्रिज आधीच थोडा उचललेल्या गिटारवर १३ चा सेट चढवायच्या फंदात पडू नये.

थोडक्यात सांगायचं तर

• क्लासिकल गिटार: फक्त नायलॉन, नॉर्मल टेन्शन.
• नुकतंच शिकायला सुरुवात केली, लहान मुलं: १०-४७.
• सहा महिने-वर्षभर सराव झाला, थोडं गाणं, थोडं बोटांनी वाजवणं: ११-५२.
• मोठी गिटार, जोरात स्ट्रमिंग, बोटं तयार: १२-५३.
• १३-५६: गिटार दणकट असेल आणि गरज खरंच असेल तरच.

पुढच्या वेळी जुना सेट काढाल तेव्हा नव्या पाकिटावरचा आकडा आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. दोन-तीन सेट वापरून झाले की आपल्या बोटांना काय मानवतं आणि आपल्या घरातल्या हवेत तारा किती महिने टिकतात, हे त्या नोंदींवरूनच कळेल.